माल कोरडा

तिने चाऱ्याच्या गठ्ठ्यात ओलावा मोजायची सळई खुपसली. काटा अकरावर थांबला. ओलावा बारा टक्क्यांवर गेला, तर जहाजातल्या लांबच्या प्रवासात गठ्ठे आतून तापतात. म्हणून गठ्ठे तपासायचे आणि मगच गेटपास लिहायचा, हे तिचं काम. तिने लिहिलं: लसूणघास. पंचवीस टन. माल कोरडा.

परदेशी गिऱ्हाइकाने यंदा एक नवीन प्रश्न पाठवला होता. हा घास पिकवायला पाणी किती लागलं? पंपवाल्या मामांनी मोटरीचे तास सांगितले, तिने गुणाकार केला. एका कंटेनरला दोन कोटी लिटर. शून्यं जास्त पडली असतील म्हणून तिने पुन्हा मांडणी केली. उत्तर हलेना.

"मामा, एवढं पाणी गेलं कुठं?"

"घासात."

"घासात अकरा टक्के आहे. आत्ताच मोजलंय मी."

"मग उडालं असेल. शिकलेली तू, आणि विचारतेस मला? मी आपला बटण दाबणारा. यंदा बोअरमधला पंप तीनदा आणखी खाली सोडला, एवढं ठाऊक आहे."

पानांतून पाणी उडतं, हे तिला पाठ होतं. तरी डोक्यात काही बसेना.

पाळी सुटली. गेटवर वॉचमनने तिच्या आईला अडवलं होतं. आई तिथेच शेड झाडायची.

"मावशी, कॅन ओता. इथलं पाणी बाहेर न्यायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे."

"घरच्या नळाला चार दिवस थेंब नाही. स्वयंपाक काय तुमच्या टोपीत करू?"

"पास दाखवा, हत्तीसुद्धा सोडतो."

मागे लसूणघासाच्या कंटेनरचा हॉर्न वाजला. वॉचमनने पास वाचला, गेटचा दांडा वर केला, सलाम ठोकला. कंटेनर गेला. दांडा खाली आला. आई कॅनचं झाकण फिरवू लागली.

"थांब गं आई."

तिने गेटपासचं पुस्तक उघडलं. पाणी म्हणून लिहावं, तर उद्यापासून तीही दांड्याच्या पलीकडे; मागच्या महिन्यात एकाला तेवढ्यासाठीच घरी बसवलं होतं. पेन कागदावर टेकून राहिलं. मग तिने भरभर लिहिलं आणि पास फाडून दिला.

वॉचमनने मोठ्याने वाचलं. "लसूणघास. पाच किलो. माल कोरडा." त्याने मान वर केली. "ताई, थट्टा करता का गरिबाची?"

"मघाशी हेच लिहिलं होतं, काका. त्यातून दोन कोटी लिटर पाणी गेलं, तेव्हा काही बोलला नाहीत."

"तेव्हा..." तो म्हणाला.

त्याने आईच्या हातातून कॅन घेतला, कानाशी नेऊन हलवला. रस्त्यावर कंटेनरची धूळ अजून खाली बसायची होती. तिकडे बघत त्याने कॅन पुन्हा एकदा हलवला.