रोज एकदा वाजणारा पाळणा

शालनबाईंनी मोबाईलवरचं बटण दाबलं. चकती गोल फिरत राहिली, पण गाणं काही सुरू होईना.

"माझ्या कॉम्प्युटरवर तर छान वाजतंय, मावशी," पायल बारामतीहून फोनवर म्हणाली.

"तुझ्याकडं वाजून काय उपेग? स्टँडवरच्या बापूसाहेबाच्या फोनवर लावून बघितलं, तितंबी न्हाय," रामभाऊ मागून ओरडले. त्यांचा स्वतःचा फोन साधा, बोलण्यापुरता.

चूक पायलचीच निघाली. मावशीच्या नावाने बनवलेल्या वेबपानावर गाण्याचा पत्ता तिने स्वतःच्या कॉम्प्युटरमधला दिला होता. दुसऱ्याला ते सापडणार कुठून? तिने फाईल वेबसाईटवर चढवली आणि शालनबाईंचा आवाज अंथुर्ण्याच्या त्या घरात घुमला. "हाल रं पाळण्या, माझा घोष निजू दे."

मुलासाठी, बुद्धघोषसाठी, त्यांनी स्वतः रचलेला पाळणा. दोन वर्षांपूर्वी त्याने कॉलेज अर्ध्यात सोडलं. रामभाऊंनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली, "परत तोंड दाखवू नगंस" म्हणाले, आणि पोराने बापाचा शब्द तंतोतंत पाळला. फोन बंद, ठावठिकाणा नाही. कधी आईचं नाव शोधलं तर त्याला हे पान सापडावं, एवढीच शालनबाईंची आस.

गाण्याखाली ते किती वेळा ऐकलं याचा आकडा होता. पहिल्या दिवशी शालनबाईंनीच तो विसावर नेला, तेव्हा पायलने हसत घरच्या फोनची मोजणी बंद केली.

पुढे पंधरा दिवस आकडा ढिम्म. शालनबाईंनी अन्नपाणी टाकलं. सोळाव्या दिवशी चारच्या सुमारास विसाचे एकवीस झाले.

रामभाऊ स्टँडवरून येताच त्या रडतच म्हणाल्या, "अवो, त्यानं ऐकलं!"

"ऐकलं ना? मग भाकर खा आता," म्हणत रामभाऊ मोरीकडे तोंड धुवायला गेले.

मग रोज एकदा, चारच्या सुमारास. शालनबाई जेवू लागल्या, हसू लागल्या. रामभाऊ दुपारी स्टँडवर बापूसाहेबांच्या दुकानात पेपर वाचायला जात आणि परतल्यावर न चुकता विचारत, "वाजला का गं?"

"वाजला की."

आकडा दोनशे बारावर असताना एका सकाळी रामभाऊ दाढी करता करता कोसळले, ते उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत सोयरेधायरे जमले. त्रिशरण म्हणून झालं. पण शालनबाई न्यायला हात लावू देईनात. चार वाजले, पाच वाजले. त्या मोबाईल हातात धरून बसल्या होत्या.

"मावशी, किती वेळ ठेवायचं काकांना?" पायलने हळूच विचारलं.

"आज आकडा हलला न्हाय," शालनबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत भलतीच चमक होती. "म्हंजी कळलंय त्याला. निघालाय त्यो. वाटंत गाणं कुठनं लावंल? बापाला अग्नी द्यायला माझा घोष येतोय."

दिवस कलला, तरी माणसं तशीच थांबली.

सहाच्या सुमारास बापूसाहेब धापा टाकत आले. तहसीलच्या कामाला ते पहाटेच इंदापूरला गेले होते. त्यांनी मित्राच्या पायांवर डोकं ठेवलं, मग शालनबाईंसमोर बसून ते ओक्साबोक्शी रडले.

"वहिनी, लई जीव हुता तुमच्यावर रामभाऊचा. रोज चारला माझा फोन मागायचा, कानाला लावून तुमचा पाळणा ऐकायचा. एक दिस खाडा न्हाय."