पुढची सीट

एकदाच टूरवाल्याने बायकोला सोबत नेलं, तर “आमच्या पैशांवर घरच्यांना फिरवतो” म्हणून गेस्टनी बोंबाबोंब केली. तेव्हापासून गेस्टसमोर घरच्यांचं नाव काढायचं नाही, असा त्याने कानाला खडा लावला होता.

आज एका साहेबांनी बस डोक्यावर घेतली. “पैसे भरून आम्ही मागे गचके खायचे, आणि ही म्हातारी पुढे? उठवा तिला!”

“चुकलं साहेब,” म्हणत टूरवाला तिच्याकडे वळला. “आजी, जरा मागे बसता का?”

सुजलेले गुडघे सावरत ती शेवटच्या सीटवर गेली.

“एकट्याच आलात? मुलगा नाही आला?” शेजारी बसलेल्या बाईने विचारलं.

 

“यायचा होता हो,” टूरवाल्याची आई म्हणाली, “पण कामातून त्याला मान वर करायला सवड नाही.”