फलक एक्केचाळीस

आकृती १ : नर.

"सर, एक वाईट बातमी आहे," हे वाक्य संपादकाने जिन्यात चारदा घोटलं होतं. वर आल्यावर त्याने नुसता नमस्कार केला.

चित्रकार खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. झटका येऊन तीन महिने झाले होते. वाचाही गेली होती. पक्ष्यांच्या ग्रंथाचे चाळीस फलक त्यांच्या नावाने तयार होते. शेवटचा, स्वर्गीय नर्तकाचा, राहिला होता. उद्या छपाई. प्रकाशनाच्या मालकांचा हुकूम होता : तेवढा दुसऱ्याकडून काढून घ्या, आणि मुखपृष्ठावर त्याचंही नाव टाका.

"मादीची काळजी नाही," तो चित्रकारांच्या बायकोला हळूच म्हणाला. "तपकिरी अंग, आखूड शेपूट. कुणीही काढेल. पण काकू, नराची ती हातभर पांढरी शेपटी? सरांशिवाय कुणाच्या बापाला जमायची नाही."

"बापाला नाहीच," काकू म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्यांनी फळीवरचं फडकं उचललं.

नर पुरा झाला होता. काळं डोकं, तुरा, दुधासारखं अंग. अंड्यांवर बसला होता. या जातीत नरही अंडी उबवतो. घरट्याबाहेर लोंबणारी शेपटी एका दमात ओढलेली. रंग अजून ओला होता.

संपादकाचा जीव भांड्यात पडला. "सरांचा हात परत आला!"

"नाही रे." काकूंच्या करंगळीला पांढरा रंग लागला होता.

आकृती २ : मादी.

शेजारच्या फांदीवर पेन्सिलीचा नुसता घेर. आत कोरा कागद.

"प्रत्येक फलकातला नर पहिल्यापासून मीच काढते," काकू म्हणाल्या. "हे मादीसाठी दिवस दिवस झाडाखाली बसायचे. वाळक्या पानांत वाळकं पान ती. अंड्यांवर यायच्या आधी कुठल्या फांदीवर थांबते, मान कशी आखडते, सगळं यांना पाठ. मीही तीन महिने बसतेय. माझ्या हातून नुसती तपकिरी चिमणी उतरते."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी?"

संपादकाने पिशवीतून आधीच्या फलकांचे तपासणीचे नमुने काढले. एकेका नरावर तळहात ठेवून तो बघू लागला. चाळीसही फलक त्याने स्वतः तपासले होते. या माद्या तो आज पहिल्यांदा पाहत होता.

त्याने नमुने परत पिशवीत भरले.

"उद्या छपाई आहे, काकू," शेवटी तो म्हणाला. "मादी कुणाकडून तरी..."

चित्रकारांनी डावा हात लांबवला. तो हळूहळू फळीपर्यंत आला आणि त्या कोऱ्या घेरावर आडवा पडला. तिथून हलेना.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग संपादकाला म्हणाल्या, "नराखाली माझं नाव घाल. मादीची जागा कोरीच छाप, आणि तिच्याखाली यांचं."