लाल पेन्सिल

"कारणाचा रकाना कोरा राहिलाय तुझा," असं म्हणून कारकूनबाईंनी फॉर्म खिडकीतून परत सरकवला.

मुलीने पेनाचं टोपण काढलं. धर्मशास्त्र सोडून भूगोलाला जाण्याचा तो फॉर्म होता आणि आज शेवटचा दिवस होता. तिचे ओठ सुकले होते.

"पाणी देऊ का? तोंड बघ केवढंसं झालंय."

"नको, बाई. अजून नाही."

सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा तिचा आठव्या वर्षापासूनचा नेम. बारा ओळींची प्रार्थना, आईने शिकवलेली. तापाने फणफणलेली असतानाही चुकली नव्हती. त्या बारा ओळींच्या जोरावर तर तिने हा विषय घेतला होता. घड्याळं दुरुस्त करणारे तिचे वडील तेव्हा डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले होते, "शीक, शीक. पगार काय, वरूनच येईल." महिनाभर ती त्यांच्याशी भांडली होती आणि जिंकली होती.

घात केला तो लाल पेन्सिलीने. दुसऱ्या वर्षाला शिकवणारे प्राध्यापक निबंधातली चूक दाखवत नसत की शाबासकी देत नसत. समासात फक्त 'पण?' लिहीत. त्यातल्या 'प'ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढलेली. मुलं त्यांना पणसर म्हणत. तिच्या प्रार्थनेवरच्या निबंधात असे अकरा 'पण?' निघाले, आणि तेव्हापासून तो शब्द तिच्या डोक्यातच मुक्कामाला आला. सकाळी खिडकीशी बसून ती तिसऱ्या ओळीवर पोचली, की आतून कोणीतरी विचारायचं, पण? ती उठून जायची. आज एकोणीस दिवस झाले. दुपारी जीव कासावीस झाला की दोन घोट घ्यायची, चोरी केल्यासारखे.

त्यापेक्षा भूगोल बरा. नदी कुठे उगम पावते हे एकदा सांगितलं की संपलं. त्यावर कोणी 'पण' म्हणत नाही.

तिने रकान्यात लिहिलं : 'प्रार्थना करता येत नाही.'

कारकूनबाईंनी ते दोनदा वाचलं. मग उठून त्या कपाटाकडे गेल्या, तळाच्या खणातून पिवळा पडलेला एक फॉर्म काढला आणि नावावर अंगठा ठेवून तिच्यासमोर धरला.

"मी इथे लागले त्या वर्षीचा हा. तुमच्याच विभागातला मुलगा. फॉर्म देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकत हजर. म्हणाला, पुढे पाठवला नाहीत ना? माझ्याच टेबलावरची पेन्सिल उचलली, एक शब्द लिहिला, आणि म्हणाला, आता हा असाच ठेवा."

रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं : 'माझी श्रद्धा उरलेली नाही.' त्याच्यापुढे लाल पेन्सिलीत 'पण?' 'प'ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढलेली.

मुलीने वर पाहिलं. "बाई, हे तर..."

"नाव सांगायचं नाही, असा शब्द दिलाय मी," बाई म्हणाल्या. "अक्षराचं काही बोलणं झालं नव्हतं."

मुलीने त्या शब्दाच्या शेपटीवरून बोट फिरवलं. 'पण?' हे श्रद्धा उरली नाही म्हणण्यालाही विचारता येतं, हे तिला सुचलंच नव्हतं.

"पाच वाजेपर्यंत खिडकी उघडी आहे," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन ती बसली. मांडीवर हात ठेवून तिने डोळे मिटले. खिडकीपलीकडे कोणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीवर तो 'पण?' ठरल्यासारखा आलाच. या वेळी ती उठली नाही. बाकावर शेजारी सरकून जागा करून द्यावी, तशी मनातल्या मनात थोडी सरकली आणि चौथी ओळ सुरू केली.

खिडकीशी परत आली तेव्हा बाईंच्या हातात तिचा फॉर्म होता.

"काय करू याचं? पाठवू पुढे?"

"तो राहू द्या," ती म्हणाली. "आधी मला पाणी द्या, बाई."