रजेचं कारण

“कारण काय लिवू?” टाक दौतीत बुडवून रंगराव हवालदारांनी विचारलं.

शिपाई ज्योतीराम दापोडीच्या चौकीत त्यांच्या टेबलासमोर ताठ उभा होता. “रडू येतंय, साहेब.”

“त्याला रजा न्हाई. ताप, खोकला, हगवण, यातलं कायतरी सांग.”

रुळावर कुणी गाडीखाली गेलं की पंचनामा होईपर्यंत मढ्यापाशी बसायचं, हे ज्योतीरामचं काम. वर्षभर त्यानं ते बिनतक्रार केलं. परवा मात्र एक बाई होती आणि तिच्या पोटाशी बांधलेलं तान्हं. चार तास तो एकटा त्या दोघांवरच्या माश्या वारत बसला होता. तेव्हापासून स्वतःच्या लेकीला त्यानं मांडीवर घेतलं नव्हतं.

“ती हात पसरती अन् मी भिंतीकडं सरकतो,” तो म्हणाला. “बायको इचारती, लेकरानं काय केलंय तुमचं? आठच दिवस द्या, साहेब. रुळावर दुसऱ्याला धाडा.”

रंगरावांनी मान खाली घालून ‘हगवण’ लिहिलं. खोटं लिहिताना अक्षर मात्र सुरेख आलं.

तासाभरात ज्योतीराम दवाखान्यातून परतला. आजार रेड्याला नि औषध पखालीला! बरं, डॉक्टरांना तरी काय बोलावं? त्यांनी पोट दाबून पाहिलं, गुलाबी औषधाची बाटली दिली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘कामास लायक’.

तोवर स्टेशनातून निरोप आला होता. पुलाजवळ कुणीतरी गाडीखाली गेलं होतं. दुसरा शिपाई देहूरोडला बंदोबस्तावर होता आणि फौजदारसाहेबांनी ज्योतीरामचंच नाव सांगितलं होतं. रंगरावांच्या हातात काही नव्हतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

“जावं लागतंय, बाबा,” ते म्हणाले.

मढ्यावर घालायची चादर ज्योतीरामनं खुंटीवरून काढली, काखेत धरली. मग हातातली बाटली पुढे केली.

“हिचं काय करू?”

रंगरावांनी टेबलाचा खण ओढला. आत तसल्याच पाच बाटल्या होत्या, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेल्या. सोबतच्या चिठ्ठ्यांवर नाव रंगरावांचं. एकीचंही बूच निघालेलं नव्हतं.

“मीबी दर खेपेला हगवणच लिवली,” ते म्हणाले. “ठेव हितं.”

आणि त्यांनी पाचही बाटल्या सरकवून सहावीपुरती जागा केली.