कोचची दाढ

"तो काही सांगायचा नाही, डॉक्टरबाई. मीच सांगते," म्हातारी म्हणाली. "खालची दाढ, उजवीकडची. तीन दिवस नुसतं दूध पितोय. इंजेक्शनला घाबरतो ना, म्हणून अंगावर काढत होता. आज हाताला धरून आणलाय."

"आई, पुरे," खुर्चीतला तिचा चाळिशीचा मुलगा गाल धरून पुटपुटला.

डॉक्टरबाईंनी मास्क वर ओढला तो हसू लपवायला. गळ्यात शिट्टी नव्हती, पण माणूस तोच. लेकीच्या कॉलेजच्या व्हॉलिबॉलचा कोच. त्याने त्यांना ओळखलं नव्हतं, आणि ओळखणार तरी कुठून? पालकांनी बसायचं गॅलरीत सगळ्यात वरच्या बाकावर, आणि हा गृहस्थ कधी मान वर करेल तर शपथ! त्याच्या केबिनच्या दारावर ठळक अक्षरांत पाटीच होती: 'पालकांनी प्रशिक्षकांशी बोलू नये. ज्याची तक्रार, त्याने स्वतः सांगावी.'

सांगितली होती की. डॉक्टरबाईंच्या लेकीने स्वतः जाऊन सांगितली होती. डावखुरी म्हणून टीममध्ये तिला सगळे डावी म्हणायचे, आणि नेमका तो डावाच खांदा धरला होता. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी दोन मॅच खेळलीस तर ऑपरेशन ठरलेलं. यावर हा शहाणा अख्ख्या टीमसमोर काय म्हणाला, तर "दुखणं खांद्यात नाही, डोक्यात आहे." आणि वर पन्नास सर्व्हिस मारायला लावल्या. त्या दिवशी पोरीला स्वतःचे केस विंचरता आले नाहीत. डॉक्टरबाई तावातावाने चपला घालून निघाल्या, तर पोरीनेच दार अडवलं. "तू एक शब्द बोललीस तर ते मला काढूनच टाकतील. शपथ घे."

घेतली शपथ. पंधरा दिवस राग गिळला. परवा रविवारी फायनल, आणि डावी खेळणार म्हणून यादी लागलेली. आणि आज हा बाबा आपल्या पायांनी चालत त्यांच्याच खुर्चीत येऊन बसला होता.

"काकू, तुम्ही बाहेर बसता का?" डॉक्टरबाई गोड आवाजात म्हणाल्या. "ज्याचं दुखतंय त्याने स्वतः सांगितलेलं बरं."

"छे हो! मी हात सोडला तर पळेल तो."

"मग राहू द्या. हं, आ करा."

आरशाच्या दांड्याने त्यांनी दाढ वाजवून पाहिली. कोच खुर्चीतून वीतभर उडाला. एकदा वाजवलं की कळतं. त्यांनी तीनदा वाजवली.

"दुखतंय?"

"हो!"

"खरंच दुखतंय, की नुसतं वाटतंय?"

"अहो, वाटतंय काय!" म्हातारी कळवळली. "डोळे बघा त्याचे."

डॉक्टरबाईंनी डोळे बघितले आणि चौथ्यांदा वाजवली. कोचच्या गालावरून पाणी ओघळलं. मैदानावरच्या वाघाची इथे पार शेळी झाली होती. डॉक्टरबाईंना खरं तर लाज वाटायला हवी होती. अजिबात वाटली नाही. उलट पंधरा दिवसांत पहिल्यांदा काळजाला गार वाटलं.

त्या इंजेक्शन भरत होत्या, तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली. बॅग उजव्या खांद्यावर, डावा हात जॅकेटच्या खिशात.

"आई, घराची किल्ली दे ना..." आणि ती जागच्या जागी थांबली.

कोचने मान वळवली. आधी दारातल्या पोरीकडे पाहिलं, मग मास्कवरच्या डोळ्यांकडे, मग हातातल्या सुईकडे. चेहरा पांढराफटक पडला. तो आईच्या मुठीतून हात सोडवू लागला, पण म्हातारी कसली सोडते!

"मी तुझ्याबद्दल एक शब्द बोललेले नाही," डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

"अगं, मी तुला सांगणारच होतो," कोच घाईघाईने म्हणाला. "रविवारी तू आराम कर. आधी खांदा. खेळ काय, होतच राहतो."

आता ही 'थँक्यू सर' म्हणून मोकळी होणार, या धास्तीने डॉक्टरबाईंचा जीव वरखाली झाला. पोरगी जन्माची भिडस्त.

"हे उद्या सरावाला सांगा, सर," डावी म्हणाली. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "सगळ्यांसमोर. ते डोक्यातल्या दुखण्याचं सगळ्यांसमोरच बोलला होतात ना?"

"काय झालं गं बाळ खांद्याला?" म्हातारीने विचारलं. "आणि डोक्याचं काय ते?"

"सर सांगतील, आजी."

म्हातारी लेकाकडे वळली. "काय रे? काय केलंस या पोरीला?"

कोचने आईकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. दारात डावी उभी होती.

"द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "इंजेक्शन देऊन टाका." त्याने डोळे गच्च मिटले आणि उघडता येईल तेवढं तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी सुईला टोपण लावलं, ती ट्रेमध्ये ठेवली आणि त्या स्टूल ओढून निवांत बसल्या.

"आधी आईंना उत्तर द्या," त्या म्हणाल्या. "एकदा टोचलं की दोन तास जीभ वळत नाही."