सारखी वाटणी

रामकिशननं टेबलाखालून पुस्तक काढलं, बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी गुरम्माबाईंपुढं ठेवलं.

"आलं बघा बाई तुमचं. पोतं फोडल्या फोडल्या बाजूला काढून ठेवलो. कुणाला दावलो बी न्हाई."

"दुसरं कोण मागणार होतं रे?"

"ते बी हाय म्हणा." तो हसला. शाळेत बाईंच्याच हाताखाली शिकलेला. आता या ग्रंथालयात कारकून. "चहा सांगू?"

"पान व्हायचंय अजून."

रामकिशननं मान हलवली. बाईंचा नेम त्याला ठाऊक होता. सकाळी लिंगपूजा, मग या पुस्तकाचं एक पान उर्दूतून मराठीत उतरवायचं, आणि मगच तोंडात काही घालायचं. निजामाच्या काळात बाई उर्दूतून शिकल्या होत्या. पुस्तकही त्याच काळातलं, इराकमधल्या फार जुन्या नगरांचं. लोक पोथी लावतात तसं त्यांनी ते लावलं होतं. पहिला भाग वर्ष-सव्वा वर्षात झाला. दर पंधरवड्याला एस.टी.नं जुन्या जिल्ह्याच्या गावी जायचं आणि मुदत वाढवून आणायची. मग लातूर जिल्हा वेगळा झाला, पुस्तकांची वाटणी निघाली आणि कपाटांना कुलपं लागली. नेम मोडू नये म्हणून चार महिने बाई आपलीच जुनी पानं सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवत बसल्या.

खिडकीबाहेर घागरींची रांग होती. टँकरचा पत्ता नव्हता, माणसं भिंतीच्या सावलीला सरकली होती. आत लांब टेबलाभोवती बारा खुर्च्या, त्यातल्या एकीवर बाई.

त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि उजवीकडून उघडलं. पहिल्याच पानावर मातीच्या विटेचं चित्र होतं, विटेवर पाखरांच्या पावलांसारखी अक्षरं. बाईंचं बोट चित्रावरच थांबलं.

"रामकिशन, हा पहिला भाग आहे. माझा झालाय हा. दुसरा दे."

"दुसरा कुठला? दोन प्रती होत्या. एक इकडं आली, एक तिकडं ऱ्हायली. जिथं दोन प्रती, तिथं एकेक घ्यायची, असं ठरलंतं. सारखी वाटणी झाली बघा, कुणाची तक्रार न्हाई."

"प्रती कशावरून?"

"आता बाई, जिल्द सारखी, रंग सारखा, जाडी सारखी. आतलं तर आम्हाला कुणालाच वाचता येईना."

बाईंनी पुस्तक आडवं केलं. पाठीवर नंबराची नवी चिठ्ठी होती. नखानं त्यांनी तिचा कोपरा उचलला. खाली शाईनं उर्दूतला एकचा आकडा काढलेला होता.

"हा तिकडल्या जिल्दसाज खाजामियाँचा हात. पुस्तक फार जाड, पाठ निखळलेली, म्हणून त्यांनी मधोमध शिवण उसवून दोन जिल्दी बांधल्या. एकीवर एक घातला, दुसरीवर दोन. तुम्ही नेमक्या आकड्यांवरच चिठ्ठ्या चिकटवल्यात."

रामकिशन आकड्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे एकच पुस्तक होतं."

"एकच. उद्याच्या एस.टी.नं जाऊन येते मी. तिथंच बसून उतरवीन. माझं नाव आहे अजून त्यांच्या रजिस्टरात."

टेबलावरचा शिक्का उचलून रामकिशननं पुन्हा डबीवर ठेवला.

"जाऊ नका बाई."

"का?"

"तिकडल्यांनी मागच्या महिन्यात बाद पुस्तकांची यादी काढली. उर्दू समदं गेलं रद्दीत. वाचणारं कोण हाय, म्हणले." त्यानं मान खाली घातली. "आमच्याबी यादीत होतं. मीच हे त्यातनं काढलो. म्हणलं, आपल्या बाई येतात की."

बाईंनी शेवटचं पान काढलं, चारशे बारावं. डोळे मिटूनही त्यांना ते म्हणता आलं असतं. शिवण जिथं लागली तिथं खाजामियाँनी पुस्तक तोडलं होतं. त्या वर्षी नदीला पाणी आलं नाही, शेतांवर मीठ फुललं, तेव्हा देवळातल्या थोरल्या पुजारणीनं. एवढ्यावरच वाक्य अर्धं सोडून पान संपत होतं.

"हे माझ्या नावावर टाक," त्या म्हणाल्या.

"पण हे तर वाचून झालंय तुमचं."

"मी नाही नेलं तर पुढच्या यादीत जाईल."

रामकिशननं आतल्या चिठ्ठीवर तारीख मारली. वर सगळ्या तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढं एकच नाव. शिक्का ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "बाई, काय होतं हो त्या शेवटच्या पानात?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी त्याला सावकाश सांगितलं. नदी सांगितली, मीठ सांगितलं, पुजारीण सांगितली. तो टेबलावर कोपरं टेकून ऐकत होता.

"मग? काय केलं तिनं?"

"ते तिकडं होतं."

बाहेर कुणीतरी टँकर आला म्हणून ओरडलं आणि घागरींचा एकच खडखडाट झाला. बाईंनी पिशवीतून वही काढली, दौत काढली. कोऱ्या पानाच्या माथ्यावर आकडा घातला, चारशे तेरा. टाक हातात धरून बराच वेळ बसल्या. निबावरची शाई वाळून गेली. मग त्यांनी टाक पुसून ठेवला, त्या रिकाम्या पानावर वरपासून खालपर्यंत टीपकागद फिरवला, आणि वही मिटली.

"झालं पान," त्या म्हणाल्या. "सांग आता चहा."